रुमालवाल्याचा सुरा

४ मार्च

माझी ठिणगी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जिना पुसत होते. पोस्टमन खालूनच म्हणाला, आजी, पत्र आहे, हाताने लिहिलेलं. मी फडकं बादलीत टाकलं आणि ओल्या हातानेच पाकीट घेतलं, त्यामुळे एका कोपऱ्यातली शाई पसरली. तिथे तू काय लिहिलं होतंस ते आता देवालाच ठाऊक. बहुतेक "कशी आहेस" असेल. बरी आहे. डावा गुडघा सोडला तर सगळं जागेवर आहे, आणि दात नवीन बसवलेत, हसले की समोरचा माणूस दचकतो इतके पांढरे.

फोन बंद ठेवतेस म्हणून पत्र लिहिलंस, ते फार छान केलंस. फोनवर तू "हो गं, ठेवते गं" करून मला उडवून लावायचीस. आता चांगली दोन पानं हातात आली. ती मी खालच्या इस्त्रीवालीला वाचून दाखवली. ती परवाच गरम इस्त्री घेऊन नवऱ्याच्या मागे धावली होती, तो टेबलाभोवती पळत होता आणि मी वरून बघत होते. चटका कुणालाच बसला नाही, पण एका गिऱ्हाइकाच्या पँटवर त्रिकोण उठला. आता नवरा तीच पँट घालून हिंडतो, कारण भरपाई देऊन ती त्यांचीच झाली.

तर मुद्द्याचं. तू लिहिलंस की धारेच्या चाकावर अंगठ्याचं नख काळंनिळं होऊन निघालं आणि मशीनच्या दुरुस्तीसाठी थोडे पैसे हवेत. पैसे देईन. पण बाई, तुझ्या आजोबांनी जन्मभर सुऱ्यांना धार लावली आणि त्यांच्या बोटांना पट्ट्या मी बांधल्या. चाक कातडी सोलतं. ते नख काळंनिळं करून मुळासकट उचकटत नाही. ते दारात सापडून होतं, नाहीतर कुणी हातोडा घातला तर. तुझ्या नवऱ्याने हात उगारला असेल तर तसं लिही. बेकरीत कणीक मळून त्याचे दंड कसे झालेत ते मी लग्नातच पाहिलंय. मी त्याला घाबरत नाही. येते आणि त्याचंच डोकं त्या कणकीत दाबते.

खरं लिही. खोटं लिहायला शाई कशाला घालवायची.

तुझी
आजी


१२ मार्च

आजी,

त्याने नाही गं केलं. तो मुंगीसुद्धा फुंकर मारून बाजूला करतो. त्यालाही मी मशीनचंच सांगितलंय.

खरं सांगते. मोठं मशीन घेतलं तेव्हा त्या मोठ्या हॉटेलचं काम मिळालं होतं, स्वयंपाकघरातले सगळे सुरे माझ्याकडे यायचे. बँकेचं कर्ज त्याच भरवशावर काढलं. हॉटेल बंद पडलं. बँकेचा हप्ता भरायला फोनवरून कर्ज घेतलं, ते फेडायला दुसऱ्या फोनवाल्याकडून घेतलं. मग दोघेही दिवसभर फोन करायला लागले, घाण घाण बोलायचे, माझ्या गिऱ्हाइकांनाही फोन लावायचे. शेवटी बाजारातल्या सावकाराकडे गेले. त्याने एक कागदही न विचारता पैसे दिले. मला तो तेव्हा देवमाणूस वाटला.

आता त्याचा माणूस येतो, दर बुधवारी. मोठा रुमाल बाळगतो. आधी मारतो, मग त्या रुमालाने हात पुसतो, सावकाश, एकेक बोट. म्हणून बाजारात सगळे त्याला रुमालवाला म्हणतात. हप्ता कमी पडला म्हणून त्याने माझा अंगठा शटरखाली धरला आणि शटर पायाने दाबलं. मी ओरडले तर म्हणाला, "ताई, जरा हळू. बाजूला सलून आहे, दाढी चालली असेल, कुणाचा गळा कापायचा."

आणि एक गोष्ट करतो ती मला मारापेक्षा जास्त लागते. त्याच्याकडे लांब सुरा आहे. सकाळी तो माझ्या टेबलावर ठेवतो, "धार लाव" म्हणतो, बाजारभर वसुली करून येतो, आणि परत आला की तोच सुरा माझ्या गळ्याजवळ धरून हप्ता मागतो. धारेचे पैसे मात्र रोख देतो. आजोबांच्या पद्धतीने मी प्रत्येक पात्याला पितळी बिल्ला बांधते आणि त्याच आकड्याचा जोडबिल्ला गिऱ्हाइकाला देते. हा तो बिल्ला हसत हसत किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवतो. म्हणतो, "मी तुझं कायमचं गिऱ्हाईक."

पुढच्या वेळी नखावर भागणार नाही म्हणालाय. उजवा हात चालू चाकावर धरीन म्हणाला. हात गेला तर मी करू काय, आजी?

तुझी
ठिणगी


१७ मार्च

माझी ठिणगी,

आधी तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांग. मी त्याला आठवडाभर मनात बडवत होते, त्याला त्याची कल्पनाही नाही. त्याच्यासाठी मोजे विणायला घेतलेत, तेवढीच भरपाई.

तू खरं लिहिलंस याचा मला इतका आनंद झाला की मी कपभर चहा जास्त प्यायले. तू रागावशील की हिला आनंद कसला होतो. अगं, तुझा अंगठा गेला म्हणून नाही. तू एकटी होतीस, आता दोघी झालो, म्हणून.

तुझे आजोबा तसे भांडखोर नव्हते, पण एकदा एका माणसाने पैसे न देता कोयता उचलला. आजोबांनी त्याची मान धरली आणि चाकाखालच्या पाण्याच्या डब्यात बुडवली. वर काढलं, विचारलं, पैसे? तो म्हणाला, नाही. पुन्हा बुडवला. मी उभी राहून म्हणत होते, अहो पुरे, मरेल तो. ते म्हणाले, थांब गं, आता हो म्हणेल. म्हणालाच. नंतर तो माणूस आमच्याकडे नेहमी यायचा आणि आल्याआल्या डबा कुठे आहे ते बघायचा.

हे गमतीने लिहिलं. तू असलं काही करायचं नाहीस. आजोबांसमोर एक माणूस होता, तुझ्यासमोर टोळी आहे.

आता कामाचं ऐक. इस्त्रीवालीसुद्धा अशीच कर्जात बुडाली होती, ते मला आता कळलं. तो त्रिकोण त्याच भांडणातला. इथे कोर्टाच्या मागच्या बाजूला एक कर्जसल्ला कार्यालय आहे. पैसे घेत नाहीत. तिथे जी बाई बसते ती पूर्वी बँकेत वसुलीला होती, म्हणजे दोन्हीकडून ओळखते. मी इस्त्रीवालीला घेऊन तिच्याकडे गेले. ती बाई म्हणाली, नातीला सांगा, एक, नवीन कर्ज घेऊ नको. दोन, नवऱ्यापासून लपवू नको. तीन, मारहाण झाली की आधी डॉक्टरकडे, डॉक्टरचा कागद घ्यायचा, मग पोलिसात. परवाना नसलेला सावकार असं मारून वसूल करूच शकत नाही. मी विचारलं, आणि एखाद्याने त्यालाच मारलं तर? ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, आजी, तुम्ही घरीच राहा.

आणि हे मी माझ्या अकलेने सांगते. पुढच्या बुधवारी सुरा आणला की पाणी न घालता चाकावर धर, निळा पडेपर्यंत. पात्याचं पाणी उतरतं, तुला माहीत आहेच. वरून चकचकीत, आतून पत्रा. जोर लावला की वाकेल.

नवऱ्याला सांग. आजच सांग.

तुझी
आजी


२२ मार्च

आजी,

नवऱ्याला सांगितलं. तो उठून भांडी घासायला लागला, घासलेली भांडीही परत घासली. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस? मी काय तुला खाल्लं असतं?" मग रडला. मी पण रडले. त्यानंतर बरं वाटलं.

पण सुऱ्याचं मला जमलं नाही. चाक सुरू केलं, पाणी बंद केलं, आणि पातं तापायला लागल्याबरोबर माझाच पाय पाण्याच्या नळीकडे गेला. दोनदा तसं झालं. चांगलं पोलाद जळताना मला बघवत नाही. हात ऐकत नाही, आजी. मी त्याला नेहमीसारखी धार लावली. केस कापेल अशी.

तो परत आला तेव्हा माझा नवरा दुकानातच होता. कामावर न जाता मुद्दाम थांबला होता. तो पुढे झाला आणि म्हणाला, "दादा, माझ्याशी बोला." रुमालवाल्याने त्याला मान धरून भिंतीवर आपटलं. भिंतीवरचा मोठा आरसा फुटला. मग त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि म्हणाला, "बायकोने धार कशी लावलीये, बघू." सुरा कोपरापासून मनगटापर्यंत ओढला. जोर लावावाच लागला नाही. मी लावलेली धार होती ती. सुरी लोण्यात जावी तसा आत गेला. आधी काहीच दिसलं नाही, मग पांढरं दिसलं, मग रक्त आलं, थांबेचना. सलूनवाली धावत आली आणि तिने टॉवेल गुंडाळले.

रुमालवाल्याने रुमाल काढून हात पुसले. सुरा तसाच माझ्यासमोर टाकला आणि म्हणाला, "जरा बोथट झाला. पुढच्या बुधवारी नेतो." बिल्ला त्याच्या जुडग्यात खुळखुळला आणि तो गेला.

हाताला टाके पडलेत. डॉक्टरचा कागद घेतला. डॉक्टर म्हणतात की बोटं हलतील, पण कणीक कधी मळता येईल ते सांगता येत नाही.

मी हॉटेलसाठी ठेवलेलं एक हाड कापायचं पातं काढलंय. रोज धार लावते. टेबलाखाली ठेवलंय, हात घातला की मिळेल असं. बुधवारी तो सुरा न्यायला वाकेल तेव्हा त्याची मान माझ्यासमोर असेल. मला भीती वाटत नाही. मला झोपही लागते. तू फक्त माझ्या नवऱ्याकडे बघ, मी आत गेल्यावर.

ठिणगी


२९ मार्च

ठिणगी,

हे पत्र तुला तुझ्याच दुकानातून लिहिते, तुझ्याच टेबलावर, डाव्या हाताने. म्हणून अक्षरं दारू पिऊन चालल्यासारखी आली आहेत. तू माझ्या खोलीत, मी तुझ्या दुकानात. आपण दोघींनी घरं बदलली असं इस्त्रीवालीला सांग, तिला हसू येईल.

मी सोमवारी आले तेव्हा तू दार उघडल्याउघडल्या टेबलाखाली बघितलंस. मी म्हातारी असले तरी आंधळी नाही. तू मला "कशाला आलीस" म्हणून ओरडलीस, मी तुझ्या थोबाडीत दिली, तू माझ्या. मग आपण चहा केला. आपल्या घराण्यात बोलणी अशीच होतात. तुम्ही दोघं बसमध्ये बसून गेलात तेव्हा मी ते पातं काढून खाटकाला विकून टाकलं. चांगली किंमत आली. ती कर्जसल्ल्याच्या त्या चष्मेवालीकडे न्यायच्या पिशवीत घालून ठेवली आहे.

आता बुधवारचं सांगते, सविस्तर, नाहीतर तू बाजारातून भलतंच ऐकशील.

मंगळवारीच मी रुमालवाल्याचा सुरा घेऊन पोलीस ठाण्यात गेले. नातजावयाचं रक्त मुठीच्या फटीत वाळलेलं होतं, मी धुतलं नव्हतं. डॉक्टरचा कागद दिला, सलूनवालीला साक्षीला नेलं. तिथल्या साहेबीण म्हणाल्या, सुरा त्याचाच कशावरून? मी म्हणाले, याला बिल्ला आहे आणि जोडबिल्ला त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. स्वतःच लावून फिरतोय. त्या पहिल्यांदाच हसल्या. बुधवारी दुपारी माणसं पाठवते म्हणाल्या.

तो सकाळीच आला.

मी चाक चालू ठेवून बसले होते, सलूनवालीची कात्री हातात. तो म्हणाला, "म्हातारे, ती कुठाय?" मी म्हणाले, गावाला गेली, तुझा सुरा पोलिसात गेला, तू कुठे जातोस ते ठरव. खरं सांगते, मला हे बोलायला फार मजा आली. आदल्या दिवसापासून जुळवत होते.

त्याने टेबलावरून हात घालून माझे केस धरले आणि डोकं टेबलावर आपटलं. माझे नवे दात उडून पाण्याच्या डब्यात गेले. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा गळ्याजवळ कट्ट झालं, हाडाचा आवाज मी ओळखते. डोळ्यांपुढे काळं आलं, पण डावा हात डब्यात होता, दात शोधत. चाकाखाली जो करडा गाळ साठतो ना, पोलादाचा आणि दगडाचा, तो मुठीत आला. मी तो त्याच्या दोन्ही डोळ्यांत कोंबला आणि चोळला. तू लहानपणी डोळ्यांत तो गाळ घालून घेतला होतास आणि दिवसभर किंचाळत होतीस, तेव्हा तुला कल्पना आहे.

तो आंधळा होऊन हात फिरवायला लागला. हात चाकाकडे गेला. मी पाय दाबून चाक बंद करू शकले असते. नाही केलं. एकदाच टेकला, पण तळव्याची सालटी निघाली आणि भिंतीवर उडाली. मग तो ओरडत शटरवर जाऊन आदळला. तेवढ्यात खाटीक आपले सुरे न्यायला आला. त्याने आत पाहिलं, काही विचारलं नाही, सुऱ्यांची पिशवी बाजूला ठेवली आणि रुमालवाल्याला खाली पाडून पाठीवर बसला. तिथूनच मला म्हणाला, "आजी, माझं काम झालंय का, की उद्या येऊ?"

पोलीस आले, जुडगा काढला, बिल्ला जुळला. घेऊन गेले.

माझा खांदा बांधलाय. दात सापडले, एकाला टवका गेलाय. मला खूप बरं वाटतंय. पण तू चष्मेवालीकडे गेलीस की नाही ते लिही. हाणामारीने माणूस अडवता येतो, कर्ज जागचं हलत नाही.

आजी


४ एप्रिल

आजी,

मला शांत राहा म्हणतेस आणि स्वतः हाड मोडून घेतेस. तुला काही झालं असतं तर? पत्र वाचताना मी तुझ्या पलंगावर बसून इतक्या शिव्या दिल्या की इस्त्रीवाली वर बघायला आली. मग तिलाही वाचून दाखवलं. ती "गाळ चोळला" तिथे टाळ्या वाजवत होती.

गेले चष्मेवालीकडे. बाकावर माझ्या शेजारी एक शाळामास्तर होते, एक गरोदर बाई होती, एक माणूस नुसता जमिनीकडे बघत होता. मला वाटत होतं की माझ्यासारखी मूर्ख मीच. नंबर आला. मी सगळं टेबलावर मांडलं, बँक, दोन फोनवाले, सावकार. शेवटी बेरीज केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. ती दचकली नाही, आजी. म्हणाली, "हे फिटतं. वेळ लागेल, पण फिटतं." तेवढ्या वाक्यावर मी तिथे डोकं टेकून रडले. तिने रुमाल पुढे केला. मी म्हणाले, रुमाल नको.

तिने सांगितलं, आधी भाडं, वीज आणि नवऱ्याचं औषध. त्यातून उरेल त्यात बाकीचे. बँकेला तिने माझ्यासमोर फोन लावला. हप्ता कमी करून मुदत वाढवून घेतली. मी आजवर बँकेत गेलेच नव्हते, लाज वाटायची, आणि ते म्हणाले, तुम्ही आधी का नाही आलात? फोनवाल्यांना लेखी कळवलं की गिऱ्हाइकांना फोन केलात तर तक्रार करू. पहिल्याने घाबरून व्याज सोडलं, दुसरा अजून भांडतोय. सावकाराचं कोर्टात ठरेल, मी घेतलं तेवढंच, वरचं नाही.

आणि मोठं मशीन विकायचं. ते ऐकून मी तिच्याशी भांडले. म्हणाले, ते माझं पोट आहे. ती म्हणाली, "ते तुमचं पोट नाही, ते हॉटेलचं होतं. बाजाराला लहान चाक पुरतं." दोन दिवस मी तिला शिव्या घालत होते. काल विकायला काढलं.

आम्ही रविवारी परत येतो. तू घरी जायचंस आणि झोपायचंस.

ठिणगी


२६ मे

आजी,

तू विचारतेस सगळं कसं चाललंय. चाललंय. लहान चाकावर काम होतं, खाटकाने त्याच्या भावाचं दुकानही मला दिलंय. नवरा आता डाव्या हाताने कणीक मळतो, उजव्याची तीन बोटं हलतात. बँकेचा दुसरा हप्ता वेळेवर गेला. सावकाराच्या दुकानाला पोलिसांनी कुलूप लावलं, पण त्याची माणसं बाजारात हिंडतात.

काल मी एकटी होते. रुमालवाला आला.

जामिनावर सुटलाय. मी त्याला ओळखलंच नाही. एका डोळ्याची पापणी नीट उघडत नाही. तळव्यावर कातडी नवीन, गुलाबी. आणि दुसऱ्या हाताची बोटं सगळी वाकडी, सुजलेली. मी म्हणाले, हे कुणी केलं? म्हणाला, "सावकाराने. तुझ्या तक्रारीमुळे त्याचं दुकान गेलं. तक्रार मागे घे, नाहीतर पुढच्या वेळी ते माझे गुडघे फोडतील." मग शटर अर्धं खाली ओढलं.

मी खाटकाचा सुरा चाकावर लावत होते. उठले आणि तो त्याच्या गळ्याला लावला. धार झाली होती. थोडं रक्त आलंच, कॉलरवर उतरलं. मला वाटलं होतं की तो हात धरेल, भांडेल. मी त्याचीच वाट बघत होते, आजी, त्याने हात उचलावा म्हणून. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "लाव. सुटेन तरी."

चष्मेवालीच्या बाकावर जो माणूस जमिनीकडे बघत बसला होता ना, त्याचा आवाज असाच असेल असं मला वाटलं.

मी विचारलं, तू सावकाराचं किती देणं लागतोस? म्हणाला की टेंपो घ्यायला पैसे घेतले होते. टेंपो पहिल्याच वर्षी गेला. तेव्हापासून तो मारून फेडतोय. जितके लोक मारतो तितकं कमी होतं असं सावकार म्हणतो, पण कमी होत नाही.

मी सुरा खाली घेतला. मी त्याला सांगितलं, तक्रार मागे घेणार नाही. माझ्या नवऱ्याच्या हाताबद्दल तू तुरुंगात जायचंस, ते तुझं तू भोग. पण कर्जाचं काय करायचं ते मला माहीत आहे. इथल्या कार्यालयात गेलास तर सावकाराची माणसं बघतील, म्हणून मी त्याला, आजी, तुझ्या गावच्या चष्मेवालीचा पत्ता लिहून दिला. तो कागद त्याने त्या मोडक्या बोटांनी घेतला, घडी घालता येईना, मीच घालून दिली.

मी चूक केली का? नवरा म्हणतो, बरोबर केलंस, आणि मग तासभर माझ्याशी बोलत नाही.

ठिणगी


२ जून

माझी ठिणगी,

तू मारला असतास तर मी रडले असते आणि तुला डबा घेऊन तुरुंगात आले असते. तू नाही मारलास, आता मी रडत नाही, नुसती बसल्या जागी हसते आहे. इस्त्रीवाली विचारते, आजी काय झालं? मी म्हणाले, माझ्या नातीने एका माणसाचा गळा कापला नाही. ती म्हणाली, मग यात हसण्यासारखं काय? तिला कसं समजवायचं.

चूक केलीस का विचारतेस. मी असते तर आधी दोन लगावल्या असत्या आणि मग पत्ता दिला असता. पत्ता दिला असता हे मात्र नक्की. नातजावयाला सांग, तासभर न बोलणं ठीक आहे, तेवढं त्याचं आहे. त्याने दिवसभर धरलं तर मला कळव. त्याचे मोजे झालेत, या पाकिटात मावले नाहीत, वेगळे पाठवते. एक थोडा मोठा झालाय.

तुला सांगायचं राहिलं. माझा खांदा बांधलेला होता, घरात करमत नव्हतं, म्हणून मी चष्मेवालीकडे जाऊन बसायला लागले. बाकावरची माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, मी त्यांना बोलतं करते. चष्मेवाली आधी म्हणाली, आजी, हे कार्यालय आहे. मग तिने पाहिलं की माझ्याशी बोललेला माणूस आत रडत कमी बसतो आणि हिशोब लवकर सांगतो. आता तिने मला दाराशी खुर्ची दिली आहे. मी नंबर पुकारते. आवाज खणखणीत आहे, दाताचा टवका गेल्यापासून शिट्टीही वाजते.

आज सकाळी तो रुमालवाला आला. मी लगेच ओळखलं, त्याला मला ओळखायला जरा वेळ लागला. मला बघून मागे सरकला, जिन्यापर्यंत गेला. मी म्हणाले, पळतोस कुठे, मी एका हाताची म्हातारी. बस तिकडे. तो बसला. रुमाल काढून कपाळ पुसलं. शेजारची बाई रडत होती, तिने हात पुढे केला, तर त्याने रुमाल तिला दिला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

मग त्याने विचारलं, आधी आत जाता येईल का, उशीर झाला तर कुणी बघेल. मी म्हणाले, नाही. इथे सगळ्यांच्याच मागे कोणी ना कोणी लागलंय. तुझा नंबर अकरावा, अकरावा पुकारला की उठायचं. मध्ये घुसलास तर मी आहेच.

तो बाकावर बसलाय आणि मी दाराशी बसून हे लिहिते आहे. आता आठवा आत आहे.

तुझी
आजी